रिकामी परतफेरी : गोव्याचे विमानतळ, हॉटेले आणि मधली टॅक्सी

गोव्याच्या टॅक्सीचा वाद दर पर्यटन हंगामात पेटतो आणि पावसाळ्यात विझतो. पर्यटक म्हणतात, लूट चालली आहे. टॅक्सीवाले म्हणतात, आमच्या पोटावर पाय येतो आहे. सरकार एखादी योजना जाहीर करते, रस्त्यावर आंदोलन होते, योजना अर्धवट राहते आणि पुढच्या हंगामात तोच प्रश्न पुन्हा उभा ठाकतो. मुंबई-गोवा विमानप्रवास सव्वा तासाचा आहे. पण मोप्याच्या विमानतळावर उतरून काणकोणातल्या पाळोळ्याच्या हॉटेलात जायचे, तर पुढे सुमारे शंभर किलोमीटर रस्ता उरतो आणि त्याला दोन-अडीच तास लागतात. पावसाळ्यात विमानाचे तिकीट स्वस्तात मिळाले असेल, तर या शेवटच्या टप्प्याचे भाडे त्याच्याही वर जाऊ शकते. म्हणूनच ‘विमानतळावर उतरल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांपेक्षा निघण्याआधीच गाडी ठरवणाऱ्यांची संख्या वाढते आहे. हा मार्ग आजच्या घडीला शहाणपणाचा आहे, पण तो रोगावरचा उपाय नव्हे. गोव्यातले भाडे मुख्यतः चढते ते गाडीच्या रिकाम्या परतफेरीमुळे, आणि ती परतफेरी भरल्याशिवाय ॲप, मीटर किंवा आगाऊ आरक्षण यांपैकी कशानेही भाडे टिकाऊपणे उतरणार नाही, असे या सगळ्या प्रश्नाकडे एकत्र पाहिल्यावर दिसते.

आधी भूगोल, कारण निम्मी फसगत तिथेच होते. गोव्यात दोन विमानतळ आहेत. मुरगाव तालुक्यातला दाबोळीचा तळ मुळात नौदलाचा, ‘आयएनएस हंसा’चा, प्रवासी विमाने त्याच्या एका भागातून ये-जा करतात. पेडणे तालुक्यातल्या मोप्याच्या पठारावरच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून प्रवासी विमाने सुटू लागली. तिकिटावर दाबोळीसाठी जीओआय आणि मोप्यासाठी जीओएक्स ही अक्षरे छापलेली असतात; फरक एका अक्षराचा, पण दोन विमानतळांमधले अंतर साठ किलोमीटरहून अधिक. मोप्याहून पणजी सुमारे पस्तीस किलोमीटर, कळंगुटही जवळपास तेवढेच. हरमल, मांद्रे, मोरजी हे किनारे त्याहून जवळ. माजोर्डा, कोलवा, केळशी या सासष्टीतल्या किनाऱ्यांना मात्र दाबोळीच सोयीची. विमान कंपन्यांनी मोप्याला पसंती द्यायला सुरुवात केल्यापासून (कतार एअरवेज २०२४ मध्ये दाबोळीहून तिकडे गेली) दक्षिण गोव्यात राहणाऱ्या प्रवाशाचा रस्त्यावरचा टप्पा एकदम लांबला. धारगळहून विमानतळाला जोडणारा सहापदरी रस्ता २०२४ मध्ये झाला, त्याआधी झुआरीवर नवा पूल झाला, त्यामुळे वेळ वाचला; किलोमीटर मात्र तेवढेच राहिले. आता मुंबईकरांनाही ही सवय लावून घ्यावी लागेल, कारण २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे आणि चुकीच्या विमानतळावर गाडी बोलावण्याची चूक तिथेही तितकीच महाग पडणार आहे.

आता भाड्याचे गणित पाहू. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्यापिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे ३१ रुपये आहे आणि पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. त्या हिशेबाने पस्तीस किलोमीटरचे सव्वासातशे रुपयांच्या आसपास होतात. मोपा ते कळंगुट एवढ्याच अंतराला त्याच्या दुपटीच्या आसपास, कित्येकदा त्याहून जास्त मोजावे लागतात. ही दुप्पट योगायोगाची नाही. मुंबईच्या विमानतळावरून कुलाब्याला उतारू सोडणारा टॅक्सीवाला पुढच्या नाक्यावर दुसरे भाडे घेऊ शकतो. त्याचा परवाना त्याला कुठूनही प्रवासी घ्यायला मोकळीक देतो आणि शहराची दाटी त्याला प्रवासी पुरवते. कळंगुटच्या हॉटेलाच्या दारात उतारू सोडणाऱ्या विमानतळावरच्या चालकाला तिथून कोणाला उचलता येत नाही. हॉटेलाबाहेर स्थानिक टॅक्सीवाल्यांचा स्टँड असतो, त्या स्टँडचा नंबर लागलेला असतो आणि बाहेरच्या गाडीने तिथून प्रवासी घेतला तर वाद होतो, प्रसंगी गाडी अडवली जाते. याचीच उलट बाजू म्हणजे हॉटेलच्या स्टँडवरची गाडी विमानतळावर उतारू सोडते आणि तीही रिकामी परतते. दोन गाड्या, दोन प्रवासी, सत्तर किलोमीटरचे एकूण काम. प्रत्यक्षात धावतात एकशे चाळीस किलोमीटर. उरलेल्या सत्तराचे डिझेल, टायर आणि चालकाचा वेळ यांची भरपाई शेवटी त्या दोन प्रवाशांच्याच खिशातून होते.

अर्थात सगळा फरक रिकाम्या फेरीचाच आहे, असे म्हणणे खरे होणार नाही. विमानतळावरचे पार्किंग शुल्क आहे. ते वाढवल्यावर २०२४ मध्ये मोप्यावर टॅक्सीवाल्यांनी आंदोलन केले होते. विमान उशिरा आले की ताटकळण्याचा वेळ आहे, मध्यरात्रीच्या विमानांसाठी जागरण आहे. हॉटेलच्या स्वागतकक्षाकडून गाडी मागवली तर कमिशन असू शकते. आणि हंगाम आहे: जून ते सप्टेंबर गाडी बहुतांश दारात उभी राहते, बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने जातो, म्हणून डिसेंबरच्या भाड्यात जुलैचा हप्ताही दडलेला असतो. पण या बाकीच्या कारणांवर उपाय करणे अवघड किंवा अशक्य आहे. रिकामी फेरी हे एकमेव मोठे कारण असे आहे, जे माणसांनी ठरवलेल्या रिवाजातून आले आणि माणसांना बदलता येते.

सरकारने आजवर जे केले, ते या कारणाच्या आजूबाजूने गेले. २०१८ मध्ये गोवा पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकाराने ‘गोवा माइल्स’ ही ॲपवर चालणारी सेवा सुरू झाली. प्रवाशाला भाडे आधी कळू लागले, ही तिची मोठी कमाई. पण ॲपवरून आलेल्या गाडीला हॉटेलच्या दारात आणि स्टँडवर विरोध होत राहिला. विमानतळावरचा तिचा काउंटर हटवावा, ही मागणी पेडण्यात सातत्याने होत आली. पुढे उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या रेट्याने २०२१ पासून डिजिटल मीटर बसवायला सुरुवात झाली. मीटर बसले, पण मीटरप्रमाणे भाडे घेण्याचा रिवाज मात्र बसला नाही. त्याचे कारण चालकांच्या वृत्तीत शोधण्याआधी हिशेबात शोधावे. मीटर फक्त जातानाचे अंतर मोजतो. येतानाचे अंतर रिकामेच जाणार असेल, तर मीटरचा आकडा चालकाला परवडत नाही आणि तो मीटर बंद ठेवतो किंवा आधीच ठोक रक्कम सांगतो. २०२५ मध्ये ॲप कंपन्यांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा आला, टॅक्सी संघटना रस्त्यावर उतरल्या आणि सरकारला मागे हटावे लागले. तिन्ही वेळा वाद झाला तो प्रवाशाला भाडे कोण सांगणार, ॲप, मीटर की चालक, यावर. उतारू सोडून गाडी रिकामी का परतते, हा प्रश्न विचारलाच गेला नाही.

इथे सर्वांत वजनदार हरकत येते आणि तिला टाळून पुढे जाणे अन्यायाचे होईल. मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल, उगवे या गावांनी विमानतळासाठी जमिनी दिल्या. काजूच्या बागा आणि चरणीची माळराने गेली. विमानतळ झाला की तालुक्यातल्या मुलांना काम मिळेल, असे त्यांना सांगण्यात आले होते. त्यातल्या अनेकांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. किनाऱ्यावरच्या गावांतही तेच: शेती आणि मासेमारी मागे पडल्यावर टॅक्सी हाच घरचा धंदा झाला. अशा लोकांना खुल्या स्पर्धेचे धडे देऊन चालणार नाही. पण स्टँडची हद्द राखल्याने त्यांचे हित खरोखर साधते का, हे तपासायला हवे. हद्द प्रत्येक स्टँडला आपल्या दारातले भाडे राखून देते आणि त्याच वेळी बाकी सगळ्या दारांतले भाडे त्याच्यापासून हिरावून घेते. पेडण्याचा चालक कळंगुटहून रिकामा येतो, कळंगुटचा चालक मोप्याहून रिकामा जातो. दोघेही गोवेकर, दोघांच्याही डोक्यावर हप्ता. त्यातच भाडे वाढले की प्रवासी दुसरा मार्ग शोधतात: कोणी भाड्याची स्कूटर घेऊन आठ दिवस काढतो, कोणी काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली रेंट-अ-कार विमानतळावरच ताब्यात घेतो, कोल्हापूर-बेळगावचे कुटुंब स्वतःच्याच गाडीने येते. हद्दीने राखलेला धंदा हळूहळू या वाटांनी निसटतो आहे. स्थानिकांचा हक्क राखायचा तर परवाना गोव्यात नोंदलेल्या, स्थानिक मालकाच्या गाडीलाच द्यावा. पण ती गाडी एकदा परवानाधारक झाली की राज्यातल्या कोणत्याही हॉटेलातून, कोणत्याही विमानतळावरून ठरलेला प्रवासी घेण्याची तिला मोकळीक असावी. राखण गाडीच्या मालकीला द्यावी, रस्त्याच्या तुकड्याला नको.

दुसरी हरकत उलट दिशेने येते: मोठ्या ॲप कंपन्यांना मोकळे रान द्या, बाजार सगळे नीट करील. मुंबई-पुण्याचा अनुभव एवढा आश्वासक नाही. गाडी ठरते, चालकाचा फोन येतो, कुठे जायचे आणि पैसे रोख की ऑनलाइन हे विचारले जाते, आणि उत्तर पसंत पडले नाही तर फेरी रद्द होते. केंद्र सरकारच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मागणीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत आकारणीला मुभा दिली. २०२० च्या तत्त्वांत ही मर्यादा दीडपट होती. विनाकारण फेरी रद्द करणाऱ्याला भाड्याच्या दहा टक्के, पण जास्तीत जास्त शंभर रुपये दंड आहे. दोन हजारांच्या फेरीसाठी रात्री एक वाजता ताटकळणाऱ्या कुटुंबाला या शंभर रुपयांचा काय दिलासा? आणि चालकांच्या बाजूनेही चित्र सुखाचे नाही. त्याच जुलैत मुंबईतल्या ॲप टॅक्सीचालकांनी कमी मिळकतीविरुद्ध संप करून आझाद मैदान गाठले होते. ॲपची खरी ताकद गाडीला दोन्ही बाजूंचा प्रवासी जोडून देण्यात आहे. जिथे स्टँडची हद्द ती जोडणीच होऊ देत नाही, तिथे ॲपच्या हाती फक्त दर वरखाली करणे उरते.

मग भाडे ठरावे कसे? याचे उत्तर जगातल्या काही जुन्या, गजबजलेल्या विमानतळांनी दिले आहे, आणि ते साधे आहे. पॅरिसने १ मार्च २०१६ पासून शार्ल द गॉल विमानतळ ते शहर यासाठी ठरावीक भाडे लावले: सेन नदीच्या उजव्या काठाला ५० युरो, डाव्या काठाला ५५. नंतर रकमा वाढल्या, पद्धत तीच राहिली. न्यूयॉर्कमध्ये जेएफके विमानतळ आणि मॅनहॅटन यांच्यात पिवळ्या टॅक्सीचे ठरावीक भाडे डिसेंबर २०२२ पासून ७० डॉलर आहे, टोल आणि अधिभार वेगळे. दोन्ही ठिकाणी हा दर जाताना आणि येताना सारखाच लागतो, आणि दोन्हीकडे शहरात उतारू सोडलेली टॅक्सी तिथूनच दुसरा घेऊ शकते. ठरावीक दर टिकतो तो या दुसऱ्या अटीमुळे. नुसता फलक लावून टिकला नसता. लंडनचा धडा वेगळा आहे. तिथल्या १९९८ च्या कायद्याने खासगी भाड्याच्या गाड्यांना रस्त्यावर प्रवासी घ्यायला मनाई केली, पण परवानाधारक ऑपरेटरमार्फत आधी ठरवलेला प्रवासी घ्यायला मोकळीक दिली आणि प्रत्येक आरक्षणाची नोंद ठेवणे त्या ऑपरेटरवर बंधनकारक केले. स्टँडवर उभे राहून भाडे घेणे आणि नोंदवलेल्या आरक्षणावर येणे हे दोन वेगळे धंदे आहेत, हे त्या कायद्याने मान्य केले. गोव्याला नेमकी हीच फोड हवी आहे. हॉटेलच्या दारातला अवचित प्रवासी स्टँडचा राहू द्या. पण ज्याने दोन दिवस आधी नोंदवून गाडी बोलावली आहे, त्याला कोणत्याही परवानाधारक गोवेकर चालकाने न्यावे आणि कोणी अडवू नये.

फलकावरच्या ठरावीक दराने स्पर्धा मरते, असे काहीजण म्हणतील. विमानतळाच्या दारात मुळात स्पर्धाच नसते. हातात चार बॅगा, सोबत म्हातारी माणसे आणि पोरे, बाहेर पाऊस, परका मुलूख: अशा स्थितीत प्रवासी दहा गाड्यांचे दर विचारत फिरत नाही. माहिती सगळी एका बाजूला आणि निकड सगळी दुसऱ्या बाजूला असते. तिथे दर आधी जाहीर असणे हेच प्रवाशाचे खरे संरक्षण. आगाऊ ठरवलेली गाडी प्रवाशाला हेच देते: भाव घरी बसून, घाई नसताना ठरतो. म्हणून ती थोडी महाग पडली तरी अनेकांना परवडते. पण ज्याला इंटरनेटवर चार ठिकाणी चौकशी करता येते त्यालाच हे संरक्षण मिळावे आणि बाकीच्यांनी दारात घासाघीस करावी, ही व्यवस्था न्याय्य नाही. दर ठरवून जाहीर करणे आणि पाळायला लावणे हे सरकारचे काम आहे.

कदंब महामंडळाच्या बसचा पर्याय अनेकदा विसरला जातो. मोप्याहून पणजी, मडगाव आणि कळंगुटच्या बाजूला विमानतळ बस धावते आणि एकट्या-दुकट्या, हलक्या सामानाच्या प्रवाशाला तिच्याइतके स्वस्त दुसरे काही नाही. वास्कोजवळ जायचे असेल तर गोव्याचा जुना, परवानाधारक ‘पायलट’, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाला, दाबोळीला उपयोगी पडतो. तरी बस पणजीला सोडते, हॉटेलाच्या दारात नाही, आणि उशिराच्या विमानाला तिची जोड मिळेलच असे नाही. कुटुंबासाठी गाडीच लागते.

सीमेपलीकडच्या मराठी माणसाचा प्रश्न याहून बिकट आहे. परुळ्याचा चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण तिथल्या उड्डाणांचा भरवसा राहिला नाही, म्हणून बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण इथे जाणारे चाकरमानी आणि पर्यटक मोप्याला उतरतात. बांदा मोप्यापासून अगदी जवळ, सावंतवाडीही फार लांब नाही. परंतु मध्ये राज्याची हद्द आहे. सिंधुदुर्गात नोंदलेल्या टॅक्सीने विमानतळावर प्रवासी सोडला तरी परतीचा प्रवासी घ्यायला तिला अडचण, आणि गोव्याच्या टॅक्सीला सावंतवाडीहून येताना तीच अडचण. रिकाम्या परतफेरीचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. इथे दोन्ही राज्यांच्या परिवहन खात्यांनी एकत्र बसून आरक्षित प्रवाशांपुरता परस्पर करार केला, तर पेडणे आणि सावंतवाडी या दोन्ही तालुक्यांतल्या चालकांचा धंदा वाढेल.

हे होईतो प्रवाशाने गाडी आधीच ठरवावी, आणि ठरवताना रकमेपेक्षा रकमेत काय धरले आहे ते विचारावे. विमानतळाचे पूर्ण नाव आणि विमानाचा क्रमांक कळवावा, म्हणजे विमान उशिरा आले तर चालकाला आपोआप समजते. किती वेळ थांबणे भाड्यात धरले आहे आणि पुढे तासाला किती, हे लेखी घ्यावे. पार्किंग कोणी भरायचे, रात्रीचा आकार आहे का, चार मोठ्या बॅगा छोट्या गाडीत मावतील का, हे संदेशात आले पाहिजे. नुसते ‘कळंगुट’ म्हणू नये, हॉटेलाचे नाव आणि वाडा सांगावा. कळंगुट आणि कांदोळी यांच्या सीमेवर कित्येक भांडणे होतात. गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असावीत. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीत अपघात झाला तर विमा कंपनी भाड्याच्या वापराचे कारण पुढे करू शकते. पूर्ण रक्कम आगाऊ भरू नये. आणि परतीची गाडी त्याच चालकाशी त्याच वेळी ठरवता आली तर जरूर ठरवावी, कारण दोन्ही फेऱ्यांचा निश्चित प्रवासी मिळाला की त्याला दर कमी करणे परवडते. मात्र हॉटेलवरून तुम्हाला न्यायला तो येणार आहे, हे हॉटेलला आधी सांगून ठेवावे.

या सगळ्यात हॉटेलवाल्यांची जबाबदारी कोणी बोलून दाखवत नाही. खोलीचे आरक्षण पक्के झाल्याचा जो संदेश ते पाठवतात, त्यातच दोन्ही विमानतळांपासूनचे अंतर आणि टॅक्सीचे अपेक्षित भाडे छापणे त्यांना सहज शक्य आहे, आणि पाहुण्याने आधी ठरवलेली गाडी आपल्या आवारात विनाअडथळा येईल याची हमी देणेही. गोव्यातल्या हॉटेल संघटनांनी येत्या हंगामापूर्वी एवढे करावे. त्यासाठी त्यांना कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहायची गरज नाही.